एलायसच्या शेजारची जागा

कब्रस्तानात दगड सत्तेचाळीस होते: उभे एकोणचाळीस, पडलेले पाच, निम्मे मातीत रुतलेले तीन. आश्लेषाने आकडे वहीत लिहिले आणि ओल्या ब्रशने कुंपणाजवळच्या दगडावरचं शेवाळ काढायला घेतलं.

"बाबा, पाणी."

मोरेश्वर बादली घेऊन आले. गाडीच्या मागच्या सीटवर, पट्टा लावून, आश्लेषाच्या आईच्या अस्थींचा तांब्याचा कलश होता. आईला, कॅरलला, जाऊन दोन वर्षं झाली होती. मला माझ्या माणसांत ठेवा, एवढंच ती म्हणाली होती. तिच्या पणजोबांचे वडील एलायस वॉरन हॅडली मिशिगनमध्येच कुठेतरी पुरलेले होते. पण कुठे, हे तिलाही ठाऊक नव्हतं.

"वॉरन सापडला?" मोरेश्वरांनी मिश्कीलपणे विचारलं.

"वॉरन नावाचा बाप नव्हताच, बाबा. दॅट वॉज युवर थिअरी."

मधलं नाव म्हणजे बापाचं, हे मोरेश्वरांनी पहिल्याच दिवशी इतक्या ठामपणे सांगितलं होतं की भूगर्भशास्त्र शिकलेल्या आश्लेषानेही ते पडताळून पाहिलं नाही. दोघांनी दोन वर्षं सगळ्या वॉरन हॅडलींची मुलं धुंडाळली. गेल्या आठवड्यात नोंदणी कचेरीतल्या बाईंनी हसत सांगितलं, वॉरन हे एलायसच्या आईचं माहेरचं आडनाव; त्यावरूनच हे कब्रस्तान सापडलं.

शेवाळाखालून अक्षरं वर आली. एलायस, १८२९ ते १८७१. शेजारी रूथ, त्याची बायको. त्यानंतर कुंपणापर्यंत नुसतं गवत.

मोरेश्वरांनी बादली खाली ठेवली.

"चांगली पद्धत आहे यांची, मधे आईचं आडनाव," ते म्हणाले. "तुझ्या नावात मी एकटाच ऐसपैस बसलोय."

आश्लेषा हसली, मग मनगटाने डोळे पुसले.

"कमिटी जागा देतेय. एका कलशाला दोन फूट लागतात. तेवढंच मार्क करू?"

मोरेश्वरांनी तिच्या हातातल्या टेपचं टोक घेतलं, खाली बसले आणि ते रूथच्या दगडाला अंगठ्याने दाबून धरलं.

"कुंपणापर्यंत माप."

"कशाला? तुझ्या अस्थींचं तर नाशिकचं ठरलंय ना? तीस वर्षं ऐकतोय आम्ही."

"माप तर खरं."

टेप गवतावरून सरकत गेली. कुंपणाच्या खांबाशी आश्लेषाने ती ताणली, वाकून आकडा वाचला, पुन्हा एकदा वाचला. वडिलांकडे पाहिलं. त्यांचा अंगठा दगडावर तसाच होता.

तिने वही उघडली आणि लिहिलं: चार फूट तीन इंच.