किलियनमधला दादाचा हात

किलियन नावाच्या नाचात आपल्या मनाचं काही चालत नाही. स्पर्धेतल्या सगळ्या जोड्यांना तेच संगीत, तीच पावलं. चाकांच्या स्केट्सवर जोडीदारानं मागून हात घालून आपली उजवी कंबर धरायची, त्या हातावर आपला हात ठेवायचा आणि दोघांनी बाजूबाजूनं सुसाट जायचं. एक पडला की दुसरा पडलाच. माझा जोडीदार म्हणजे माझा सख्खा भाऊ, त्यामुळे सकाळी कितीही भांडलो तरी संध्याकाळी कंबर त्याच्याच हातात.

गेल्या आठवड्यात सरावात दादा क्षणभर कुठेतरी हरवला. डोळे उघडे, पण समोरचं काही दिसत नसावं. गदागदा हलवल्यावर शुद्धीवर आला.

"उपाशी होतो गं. आईला सांगितलंस तर बघ!"

"आणि परत झालं तर?"

"संघात निवड होऊ दे. मग तू म्हणशील त्या डॉक्टरकडे येतो, अगदी गुरांच्यासुद्धा."

मी हसले आणि आईला काही सांगितलं नाही. रिंकच्या कडेला लाकडी कठडा होता. त्या वेगात दादाचं डोकं त्याच्यावर आपटलं तर?

आज निवडीचा दिवस, त्याच रिंकवर. आई पहिल्या रांगेत पर्स छातीशी धरून बसलेली. संगीत सुरू झालं. पुढे जाता जाता उलटं वळायच्या अवघड जागेआधी दादा अंगठ्यानं माझी कंबर दाबतो, ही आमची खूण. पहिल्या फेरीत अंगठा दाबला गेला आणि माझा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या फेरीत ती जागा आली, पण अंगठा हललाच नाही. तरी आम्ही वळलो, बरोबर वळलो. त्याचा हात मात्र कमरेवर नुसता पडून होता, थंडगार. थांबले तर निवड गेली, दादा जन्मभर माझं तोंड पाहणार नाही. न थांबावं तर पुढे कठडा.

खड्ड्यात गेली निवड! मी बोटांकडचं ब्रेकचं रबर जमिनीवर दाबलं. वाटलं, तोही थांबेल. पण त्याचा हात माझ्या हाताखालून अलगद निसटला आणि दादा पुढे गेला.

एकटाच. एकही पाऊल न चुकता. उजवा हात तसाच वाकवलेला, जणू मी अजून तिथेच होते. बाजूला माझं वजन न उरल्यामुळे तो वळणावरून बाहेर, कठड्याकडे सरकत चालला.

"दादा!" मी किंचाळले. त्यानं मान वळवली नाही.

मी जिवाच्या आकांतानं तिरकी धावले, त्याच्या आणि कठड्याच्या मध्ये घुसले आणि त्याचा शर्ट धरून खाली ओढलं. दोघंही आदळलो. माझं कोपर सोलवटलं, त्याचं डोकं माझ्या मांडीवर आलं. परीक्षक उभे राहिले होते. आई कठड्यावरून वाकून त्याला हाका मारत होती.

दादा माझ्याकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "गाणं का बंद केलं गं त्यांनी?"

संगीत मोठ्यानं चालू होतं.