कारागीर उगाच वाक देत नाही

मी स्टेथोस्कोप बोलतेय. जन्मभर दुसऱ्यांचं ऐकलं, आज माझं ऐका. लोक मला नळी म्हणतात, म्हणून मी बाईमाणूस.

कारखान्यात माझी नळी ओढली, चकती घासली, तिच्यावर पडदा ताणला. तपासणाऱ्या बाईने मला कानाला लावून मान डोलावली, आणि मी दुकानात आले. शेजारी गुलाबी, जांभळ्या, चमचमत्या. मी काळी, जाड, वजनदार. विद्यार्थिनी यायच्या, नळ्या गळ्यात घालून आरशात बघायच्या. अहो, मी काय हार आहे?

मग ती आली. नर्सिंगचं पहिलं वर्ष. सोबत शिवणकाम करणारी आई. पोरीचा चेहरा एवढासा. रक्तदाब मोजताना तिला काही ऐकूच यायचं नाही. मग 'एकशे वीस, ऐंशी' लिहून मोकळी व्हायची. शिकवणाऱ्या सिस्टरांनी एकदा पकडलंही होतं. "पुन्हा अंदाजाने लिहिलंस, तर वॉर्डात पाय ठेवायचा नाही." तरी त्याच दिवशी सकाळी तिने एका म्हाताऱ्या ड्रायव्हरकाकांच्या कागदावर तेच ठोकून दिलं होतं.

"वॉर्डातली नळीच खराब आहे गं!"

"नाचता येईना, अंगण वाकडं," आई म्हणाली.

पोरीने आईच्या छातीवर गुलाबी लावली. ठिम्म. मग मला लावलं. तरी ठिम्म! माझा असा संताप झाला म्हणता.

"आई, मला कमीच ऐकू येतं वाटतं. सोडून देऊ का शिक्षण?"

"गप गं. आण इकडे." आईने मला उलटंसुलटं न्याहाळलं. "सुई उलटी बसवली की मशीन टाके गाळतं. कानात घालायच्या या टोकांना वाक कशाला दिलाय? कारागीर उगाच वाक देत नाही. फिरव. टोकं नाकाच्या बाजूला."

पोरीने फिरवलं आणि दचकलीच. "अगं, तू केवढ्याने वाजतेस!"

"वाजणारच. तुला वाढवलंय."

गुलाबीही तिने फिरवून पाहिली. तिच्यातून दुकानातला पंखाच जास्त ऐकू आला. निवडलं मला.

दुसऱ्या दिवशी आम्ही ड्रायव्हरकाकांपाशी. पट्टा फुगला, हवा सुटू लागली, आणि एकशे ऐंशीलाच ठोका पडला. मी स्पष्ट सांगितला. पोरगी थिजली. खरं लिहावं, तर कालचं खोटं उघडं पडणार.

काका म्हणाले, "काय गं बाळ, गाडी बंद पडली का?"

"नाही काका, चालू आहे. जरा जोरातच."

तिने एकशे ऐंशी लिहिलं.

सिस्टर आल्या. "काल एकशे वीस, आज एकशे ऐंशी?"

"काल ऐकलंच नव्हतं, सिस्टर. लिहून टाकलं होतं. आज ऐकलं."

सिस्टरांनी मलाच कानात घालून मोजलं. एकशे ऐंशीच. डॉक्टर धावत आले, काकांना औषध सुरू झालं. पोरीला मात्र आठ दिवस वॉर्डबंदी. योग्यच केलं! त्या आठ दिवसांत तिने वसतिगृहातल्या पोरींचा एकही दंड पट्टा बांधल्यावाचून सोडला नाही.

आज ती स्वतः सिस्टर आहे. माझी नळी कडक झालीय, पडदा दोनदा बदललाय, पण आवाज खणखणीत. नव्या पोरींच्या कानात ती मलाच घालते. पोरींनो, ऐकू आलं नाही तर तसं सांगा, आकड्याची जागा कोरी सोडा. कोरी जागा कुणीतरी येऊन भरतं. खोटा आकडा तपासायला कुणी जात नाही.