व्याह्यांचा डबा

बोट ठरलेल्या वजनात बसली असती, तर तोळेमामांच्या पदरात दोनच गोष्टी पडणार होत्या: चाचणीच्या फेरीत दोन जागा आणि बायकोच्या गुडघ्यांसाठी लिफ्ट. एकतीस वर्षांत त्यांनी एकोणीस बोटी तोलल्या होत्या आणि एकीवरूनही समुद्रात गेले नव्हते. तेव्हा मागणी काही फार नव्हती.

"वाचा," ते म्हणाले.

बोट बारा जॅकवर उचललेली होती. प्रत्येक जॅकखाली वजन सांगणारं यंत्र. डिझाइनबाईंनी पडद्यावरचा आकडा वाचला, पुन्हा वाचला, आणि चष्मा काढून पुसला.

"एकशे बत्तीस टन चारशे वीस किलो. तुमची वही काय म्हणते?"

"एकशे एकतीस टन सातशे ऐंशी."

"म्हणजे सहाशे चाळीस किलो तुमच्या वहीला ठाऊकच नाहीत."

"यंत्र चुकत असेल."

"तीनदा तोललंय, मामा."

वेगाची बोट म्हणजे जन्मभर पथ्यावर ठेवलेली बोट. जुनी बोट पलीकडच्या किनाऱ्याला चार तासांत पोचायची, ही सव्वा तासात पोचणार होती, पोटात चोवीस गाड्या आणि वर तीनशे माणसं घेऊन. त्यासाठी अंग अॅल्युमिनियमचं, खुर्च्या पोकळ, दारं पातळ, आणि रिकाम्या बोटीचं वजन एकशे बत्तीस टनांच्या आत, असा करारच होता. म्हणून शिडीच्या पायथ्याशी काटा होता आणि काट्याशी तोळेमामा. वर जाणारी प्रत्येक वस्तू ते तोलत: पत्रा, तारा, नट, रंगाचे डबे. खाली येणारीही तोलत: कापलेले तुकडे, भुसा, रिकामे डबे. वर गेलेलं वजा खाली आलेलं, म्हणजे बोट. सुताराच्या कानामागची पेन्सिलसुद्धा काढून तोलायला लावणाऱ्या माणसाला गोदीने तोळेमामा म्हणायचं नाही, तर काय म्हणायचं?

"चारशे वीस किलो कमी करायलाच हवेत," बाई म्हणाल्या. "जास्तीचं वजन कुठे आहे ते कळलं, तर तिथून काढू. नाहीतर एकच वस्तू अशी आहे की जी काढली तरी बोट चालते."

"कुठली?"

"लिफ्ट. चारशे साठ किलो. माणसं जिना चढतील."

मामांनी वही मिटली. तो जिना त्यांनीच तोलला होता. बावीस पायऱ्या.

"शोधायला चार दिवस देते," बाई म्हणाल्या.

*

घरी बायको पाय गरम पाण्यात सोडून बसली होती. तिचं माहेर पलीकडच्या किनाऱ्यावर. जुन्या बोटीची लोखंडी शिडी तिच्या गुडघ्यांनी नाकारली, त्याला सहा वर्षं झाली होती. तिकडे थोरली बहीण होती, आणि रोज संध्याकाळी फोनवर दोघी एकमेकींच्या गुडघ्यांची चौकशी करत.

"चाचणीच्या यादीत तुझं वजन लिहायचंय," मामांनी विषय दुसरीकडूनच काढला. "चढणाऱ्या प्रत्येकाचं लागतं."

"छप्पन्न लिहा."

"परवा दवाखान्यातला काटा चौसष्ट म्हणाला."

"मग दवाखान्यातल्या काट्याला न्या चाचणीला."

मामा हसले नाहीत. मग तिने पाय बाहेर काढले आणि सगळं ऐकून घेतलं. लिफ्टचं ऐकलं तेव्हा ती फक्त टॉवेलची घडी घालत राहिली.

"अहो, तुम्ही तर माणसांचे जेवणाचे डबेसुद्धा तोलता."

"तोलतोच. एकाने डब्यातून बोल्ट नेले होते. सगळ्यांचे तोलतो." मग चहाचा कप उचलत, "व्याह्यांचा सोडून."

ते मात्र खरं होतं. मामांची मुलगी गोदीतल्या मुख्य रंगाऱ्यांच्या घरी दिली होती. लग्नानंतरच्या पहिल्याच सकाळी व्याह्यांनी सवयीने डबा काट्यावर ठेवला, तर मागची रांग खो खो हसली: "मामा, लेकीच्या सासरचा घास तोला हो, जास्त निघाला तर परत मागा!" मामांनी कानाच्या पाळीपर्यंत लाल होऊन डबा स्वतः उचलून व्याह्यांच्या हातात दिला होता. तेव्हापासून व्याही, आणि व्याह्यांच्या मागोमाग त्यांचे तीन रंगारी, डबे घेऊन ताठ मानेने वर जात.

"पण व्याही डबा नेतात कुठे?" बायको म्हणाली. "विहीणबाई कालच सांगत होत्या, दुपारचं खाणंच सोडलंय म्हणे त्यांनी. चार वाजता घरी येऊन जेवतात. पित्त होतं."

मामांनी तोंडाशी नेलेला कप खाली ठेवला.

"चार कप्प्यांचा डबा आहे," ते हळूच म्हणाले. "दोन्ही हातांनी धरून नेतात."

*

सकाळी मुख्य रंगारी बोटीच्या कुशीला तळहात फिरवत उभे होते. पातळ अॅल्युमिनियम जोडलं की ते जागोजागी आक्रसतं, मग उपाशी घोड्याच्या बरगड्यांसारखी बोटीची कूस दिसू लागते. पुट्टी भरून घासली की बरगड्या बुजतात, पण पुट्टीला वजन असतं. म्हणून बाईंनी ती फक्त पुढच्या टोकाला, नाव लिहायच्या जागी मंजूर केली होती. आणि तरी ही कूस अशी होती की मामांना तिच्यात आपला चष्मा दिसला.

"व्याहीबुवा, कालचं जेवण काय होतं डब्यात?"

रंगाऱ्यांनी हात काढला नाही. "चार कप्प्यांत चार थर," ते म्हणाले. "करडी पुट्टी."

"किती दिवस?"

"तीन महिने झाले असतील."

"आणि किती नेली?"

"मोजली नाही. मोजायचं काम तुमचं."

मामांनी कानामागची पेन्सिल काढली आणि पुन्हा तिथेच खोचली.

"अहो, हात तर लावून बघा!" रंगारी एकदम पोरासारखे म्हणाले. "माझी शेवटची बोट आहे ही. एकोणीस बोटी रंगवल्या, सगळ्या सुरकुतलेल्या. लोक धक्क्यावर उभं राहून बोट बघतात, तुमची वही कोण बघतं?"

"वही बघूनच लिफ्ट काढतायत."

"कुठली लिफ्ट?"

मामांनी सांगितलं. कोणासाठी, तेही सांगितलं. रंगाऱ्यांनी तळहात कुशीवरून हळूच उचलला, झोपलेल्या माणसाच्या अंगावरून उचलावा तसा.

"विहीणबाईंचे गुडघे..." ते म्हणाले. मग गळ्यातला रुमाल काढून तोंडावर बांधला आणि घासायचं यंत्र मागवलं.

"थांबा, आधी बाईंना सांगतो."

"माझं नाव सांगा सरळ. निवृत्तीला पाच महिने राहिलेत, काय करतील?"

"तुम्ही तुमचं काम करा."

डिझाइनबाईंच्या टेबलावर मामांनी वही उघडून ठेवली. शेवटची ओळ त्यांनी शाईने लिहिली होती: न तोलता वर गेलेली पुट्टी, सहाशे चाळीस किलो. जबाबदार, काटा.

"नेली कोणी?" बाईंनी विचारलं.

"काट्यासमोरनं गेली म्हणजे मी नेली."

बाईंनी खिडकीतून खाली पाहिलं. करड्या धुळीत चार रंगारी बोटीच्या कुशीला भिडले होते. बाईंनी काय ओळखायचं ते ओळखलं.

"मामा, चाचणीत वजनाची सही तुमची होती. चूक निघालेल्या वहीवर आता तुमची सही चालणार नाही. बाहेरचा माणूस आणावा लागेल."

"माहितीय."

"आणि ज्याची सही, त्याचीच जागा. सोबतच्या माणसाचीही."

"तेही माहितीय. लिफ्ट राहील ना?"

"चारशे वीस उतरले तर राहील."

*

घासकाम नऊ दिवस चाललं. निघालेली भुकटी रंगारी पोत्यांत भरून स्वतः पाठीवर घेऊन खाली येत आणि काट्यावर ठेवत. मामा आकडा मोठ्याने वाचत. पहिल्या पोत्याला रंगाऱ्यांचे डोळे लाल होते, पण धुळीत सगळ्यांचेच असतात. मधल्या सुट्टीत रंगाऱ्यांच्या घरून विहीणबाईंनी पाठवलेला डबा आला, तोही त्यांनी काट्यावर ठेवला.

"उचला हो," मामा पुटपुटले.

"नाही. तोला. लेकीच्या सासरचा आहे, नीट तोला."

रांग पुन्हा हसली. मामांनी तोलला. दोन किलो शंभर, आणि त्यात जेवणच होतं.

भुकटी चारशे साठ किलो उतरली, वरून नवा रंग पंचवीस किलो चढला. जॅक पुन्हा उचलले. एकशे एकतीस टन नऊशे पंच्याऐंशी. पंधरा किलो हातात ठेवून बोट पाण्यात गेली.

चाचणीच्या दिवशी धक्क्यावर तिघं उभी होती: मामा, त्यांची बायको आणि व्याही. बोट वळली तेव्हा ऊन तिच्या कुशीवरून सरकलं आणि बरगड्या एकेक करून दिसल्या, पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत. रंगाऱ्यांनी बुटाची नाडी सुटली नसतानाही खाली वाकून बांधली.

"छान दिसतेय हो," मामांची बायको म्हणाली. "अगदी कष्टाळू बाईसारखी."

"सुरकुत्या दिसतात?" रंगाऱ्यांनी खालूनच विचारलं.

"दिसतात की. म्हणूनच म्हणाले."

बोटीने वेग घेतला. तिचं अंग पाण्यातून वर उचललं गेलं आणि बघता बघता ती नखाएवढी झाली. बायको कमरेवर हात ठेवून ती गेली त्या दिशेला बघत राहिली.

"पुढच्या महिन्यात तिकीट काढून जाऊ," ती म्हणाली. "ताईला सांगते, लिफ्ट आहे म्हणून."

मामा काट्याजवळच्या खोक्यावर बसले आणि वहीचं शेवटचं पान काढलं. लिफ्ट, चारशे साठ किलो, बोटीवर. व्याह्यांची चकाकी, चारशे साठ किलो, पोत्यांत. त्याखाली त्यांनी 'न चढलेलं' असं लिहून रेघ ओढली. स्वतःचे बावन्न मांडले. मग बायकोकडे पाहिलं. ती अजून पाण्याकडेच बघत होती.

जे वजन चढलंच नाही, त्याला काटा कशाला? मामांनी पेन्सिल पुन्हा कागदाला टेकवली आणि लिहिलं: बायको, छप्पन्न.