थंडीच्या भरवशावर

गल्लीतली पोरं त्याला धूरमामा म्हणायची. फवारणीचं यंत्र घेऊन तो वळणावर दिसला, की खोकत, ओरडत सगळी पलटण त्याच्या मागे. डास मारण्यावर त्याचं पोट. आणि त्याच्याच एकुलत्या एक पोरीला गेल्या वर्षी डेंग्यू झाला. वाचली. दवाखान्यातून सोडताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "हिला दुसऱ्यांदा होऊ देऊ नका. दुसरा सहसा इतका सोपा नसतो."

दरवर्षी थंडी पडली की डास कमी होत, यंत्रं गोदामात जात आणि फवारणीवाल्यांना गटारं उपसायला लावत. यंदा थंडी आलीच नाही. स्वेटर पेटीतच राहिले. यंत्रं मात्र ठरल्या तारखेला गोदामात गेली, कारण साहेबांच्या खोलीत बारा महिने थंडी असते. दवाखान्यात एकेका खाटेवर दोघं दोघं निजायला लागले, तेव्हा धूरमामाच्या तोंडचं पाणी पळालं.

"पोरीला वर पाठवू," तो बायकोला म्हणाला. वर म्हणजे डोंगरावर, त्याच्या धाकट्या बहिणीकडे. तिथे डास नसतात, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं.

बायकोने पिशवीत मच्छरदाणी कोंबली. त्याने ती ओढून बाहेर काढली. "वेडी का काय तू? तिथे लोक दोन-दोन पांघरुणं घेतात. डास मारणाऱ्याची पोर तिथे मच्छरदाणीत झोपली, तर सगळं गाव दात काढेल."

"काढू दे की."

"अगं, मला कळतं त्यातलं."

पोर गेली आणि कितीतरी दिवसांनी त्याला निवांत झोप लागली.

मग एक दिवस जेवताना बहिणीचा फोन आला. "दादा, पोरीला तीन-चार दिवस ताप आहे. काळजीचं काही नाही, डॉक्टरांनी अंगदुखीच्या गोळ्या दिल्यात."

"थंडी बाधली असेल. कान बांधून झोपायला सांग."

"कसली थंडी घेऊन बसलास? आम्ही यंदा पंखा घेतलाय. सगळ्या आळीने घेतलेत. तू ये तर खरा, गाव ओळखणार नाहीस."

घास त्याच्या हातातच राहिला. त्या घराच्या छताला पंख्याचा हूकसुद्धा नव्हता.

मिळेल त्या गाडीने तो वर पोचला. बहीण दारातच हसली. "उगाच जिवाचा आटापिटा केलास. सकाळीच ताप उतरला बघ."

तो तिला बाजूला सारून आत गेला. ताप उतरतो तेव्हाच खरं जपायचं असतं, हे गेल्या वर्षी डॉक्टरीणबाईंनी त्याला सांगितलं होतं. पोर भिंतीकडे तोंड करून पडली होती. हात गार, दातांच्या कडेला रक्त.

बहिणीचा नवरा डॉक्टरांना आणायला पळाला. तेवढ्यात धूरमामाचे पाय सवयीने मागच्या अंगणात गेले. झरा आटल्यापासून ही माणसं पिंपात पाणी साठवत होती. झाकण नव्हतंच. त्याने पिंपावर टिचकी मारली. वळवळत अळ्यांचा सगळा घोळका तळाला गेला.

"ते होय?" बहीण मागून म्हणाली. "पाण्यातले किडे आहेत ते, चावत नाहीत. मी फडक्याने गाळून घेते ना."

झाकणं लावा म्हणून तो अख्ख्या शहराच्या डोक्याशी कटकट करत फिरला होता. बहिणीला मात्र कधी एका शब्दाने बोलला नव्हता. वर काय गरज?

डॉक्टरांनी रक्तदाब मोजला आणि त्यांचा चेहरा पडला. "हा ताप इथे असू शकतो, हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

"माझ्या तरी कुठे आलं?"

"सलाईन लावून देतो. पण रक्त चढवायची सोय इथे नाही. खाली न्या, आत्ताच्या आत्ता."

जीपमध्ये पोरीचं डोकं त्याच्या मांडीवर होतं. सलाईनची बाटली त्याने हातात उंच धरली होती.

"बाबा, आत्याला ओरडलात?"

"नाही गं."

"ओरडू नका. तिला माहीत नव्हतं."

"बरं."

"पाणी द्या ना."

त्याने तिचे ओठ ओले केले. "जरा दाबा हो," तो ड्रायव्हरला म्हणाला.

"अहो, वळणं बघा. दाबलं तर सगळेच दरीत जाऊ."

पुढच्या वळणांवर तो तिला हाका मारत राहिला. आधी तिने हूं केलं. मग तेही नाही. त्याच्या बोटांत अडकलेली तिची बोटं सैल पडली. त्याने तिच्या नाकाशी हात नेला आणि बराच वेळ तिथेच ठेवला.

फोन वाजला. बायको दवाखान्यातून बोलत होती. "अहो, कुठवर आलात? खाट मिळवलीय मी. नर्सबाईंच्या हातापाया पडले तेव्हा कुठे मिळाली. इथे एक बाई पोराला घेऊन फरशीवर बसलीय, खाट मागतेय सारखी. मी हललेच नाही. अशी किती वेळ धरून बसू?"

"तिला दे," तो म्हणाला.

"काय?"

"खाट दे तिला."