विंकोचा पहिला नंबर

"विंको, लोकांची सूपं गार होताहेत. बोल पटकन, कुठे जायचं?" युनियनच्या फेर्दोने वही उघडली आणि पेनाचं टोपण काढलं.

विंको उभा राहिला, पण उभं राहिल्यावर हातांचं काय करायचं हे त्याला कळेना. कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये सत्तर माणसं जेवायची थांबली होती. चौतीस वर्षं त्याने इथल्या भट्ट्या दुरुस्त केल्या, पण एवढ्या माणसांनी एकदम त्याच्याकडे कधी बघितलं नव्हतं.

बर्फातल्या स्कीइंगच्या सुट्टीसाठी युनियनची दोन घरं होती. एक क्रान्स्का गोराला, दुसरं व्होगेलच्या उभ्या डोंगराच्या पायथ्याशी, तळ्याकाठी. दरवर्षी जानेवारीत गुण मोजून यादी लागायची: नोकरीची वर्षं किती, मुलं किती, आधी घर मिळालं होतं का. पहिल्या नंबराने उभं राहून सगळ्यांदेखत जागेचं नाव घ्यायचं, उरलेलं घर दुसऱ्याचं. एकदा वहीत चढलं की चढलं. विंकोचा नंबर याआधी दोनदा वर आला होता आणि दोन्ही वेळा त्याने तो कुणा लेकुरवाळ्याला देऊन टाकला होता. त्यामुळे 'विंको काय, देईल' असं सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. पुढच्या वर्षी तो निवृत्त व्हायचा होता. मग ना यादी, ना घर.

दुसरा नंबर पॅकिंगमधल्या निवेसचा. तिला पाच वर्षांची जुळी मुलं. ती पुढच्याच टेबलावरून हलक्या आवाजात म्हणाली, "व्होगेल म्हणा ना. माझ्या पिल्लांना तिथे कुठे उभं करू, कड्यावर? क्रान्स्का गोराला कसं, दारातच लहान मुलांचा उतार आहे."

विंकोने तिच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर सगळं तिथेच संपलं असतं. सूप वाढायच्या खिडकीकडेही त्याने बघितलं नाही, कारण तिथे तिल्का उभी होती. त्याची बायको, आणि बावीस वर्षं याच कॅन्टीनची स्वयंपाकीण.

सकाळी कॉफी ओतताना तिने बजावलं होतं, "व्होगेल. वरपासून खाली तळ्यापर्यंत, एका दमात. एकदाच." त्याच उतारावर तिला पहिल्यांदा बघून तो तिच्या प्रेमात पडला होता, तेव्हा ती त्याच्यावर बर्फ उडवून निघून गेली होती. पण नोव्हेंबरात ल्युब्लियानाच्या डॉक्टरांनी सांगितलं, तिल्काची नजर कडांनी विझत चाललीय. नळीतून बघावं तसं मधलं तेवढं दिसतंय, आणि तेही किती दिवस, सांगता येत नाही. कुणाला कळू द्यायचं नाही, अशी तिने विंकोला शपथ घातली. कळलं तर उकळत्या पातेल्यांजवळ तिला कोण उभं राहू देणार? विंकोने शपथ पाळली, पण त्याची झोप उडाली. मान मोडून बर्फात पडलेली तिल्का गेल्या महिन्यात तीनदा त्याच्या स्वप्नात आली होती.

"क्रान्स्का गोरा," तो म्हणाला.

निवेसचा चेहरा पांढराफटक पडला. "अहो, पण तुमच्याबरोबर एकही पोर नाही!"

"चौतीस वर्षांत पहिल्यांदा तोंड उघडलं," मागून बोरूत वेल्डर ओरडला, "आणि मागितलं काय, तर पोरांची घसरगुंडी! विंको, लंगोट बांधून जातोस की काय?"

हशा पिकला. विंकोचे कान तापले. एका वाक्यात सगळ्यांची तोंडं बंद झाली असती. ते वाक्य त्याने गिळलं.

"नक्की ना?" फेर्दो म्हणाला. "लिहितो मग."

"थांब, लिहू नकोस!"

तिल्का खिडकीमागून बाहेर आली होती. ती तरातरा टेबलांमधून निघाली. डाव्या बाजूची खुर्ची तिला दिसलीच नाही. खुर्ची धाडकन आडवी झाली, तिल्का कशीबशी सावरली.

"हसू नका रे त्याला. माझ्यासाठी मागतोय तो. माझे डोळे चाललेत. कडेचं काही दिसत नाही मला. हा रात्र-रात्र जागतो, आणि मला कळत नाही असं त्याला वाटतं."

स्वयंपाकघराची मुख्य अँजेला दारात येऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. तिल्काने एकवार तिच्याकडे बघितलं, आणि बायकोने आत्ता काय हातचं सोडलं ते विंकोला समजलं.

"तू पडलीस तर?" त्याने विचारलं.

"पडेन. उठवशील." तिल्का म्हणाली. "आंधळी व्हायच्या आधी काहीतरी डोळे भरून बघायचंय ना मला? मग ते तळं बघू दे. पोरांच्या उतारावर काय बघू, त्यांच्या टोप्या?"

फेर्दोने घसा साफ केला. "तिल्का, ज्याचा नंबर त्यानेच सांगायचं असतं."

सगळे पुन्हा विंकोकडे बघू लागले. स्वप्नातली ती मोडलेली मान त्याच्या डोळ्यांसमोरून हलेना. आयुष्यात एवढी भीती त्याला कधी वाटली नव्हती.

"व्होगेल," तो म्हणाला.

फेर्दोने मान वर न करता लिहिलं. निवेस तोंडावर हात धरून रडायला लागली. बोरूतने येऊन मुकाट्याने खुर्ची उभी केली.

"तू पुढे राहायचं," तिल्का विंकोला म्हणाली. "दहा पावलं पुढे. कुठे वळायचं ते ओरडून सांगायचं."

"सांगेन."

"असं नाही. वारा असतो तिथे. ओरडून दाखव."

"इथे?"

"इथेच."

विंको भट्टीच्या गोंगाटातही खुणांनीच भागवणारा माणूस. तो तिच्यापुढे दहा पावलं गेला, पाठ करून उभा राहिला, आणि त्याने छाती भरून श्वास घेतला.

"डावीकडे!"

आवाज फाटला. सत्तर माणसांतलं कुणी हललं नाही. मागे तिच्या सपाता फरशीवर घासल्या आणि डावीकडे वळल्या.

"पुन्हा," ती म्हणाली.