यादीत नसलेल्या बावीस ओळी

मी बोलतोय. इकडेतिकडे बघू नका, दिसणार नाही मी. मी बावीस ओळींचा एक प्रोग्राम आहे. शिक्षण म्हणाल तर एकच गोष्ट येते: माणसाने टाइप केलेला आकडा वाचायचा आणि मशीनला कळेल असा पुढे द्यायचा. साधी बेरीजसुद्धा येत नाही मला. ती दुसरे करतात आणि वर भाव खातात.

मला लिहिलं वजनकाटे दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्याने. काट्यावरचा आकडा कॉम्प्युटरला वाचता यावा म्हणून. काम झाल्यावर त्याने मला इंटरनेटवर ठेवून दिलं, कुणीही न्या, फुकट.

"पडेल कुणाच्यातरी उपयोगी," तो बायकोला म्हणाला.

"आधी घरातला मिक्सर पडू दे उपयोगी. महिना झाला उघडून ठेवलाय," ती म्हणाली.

माझ्यात एक खोट होती. म्हाताऱ्याचे काटे अर्ध्या किलोला शून्य, टिंब, पाच असं लिहायचे. कुणी शून्य गाळून नुसतं टिंब पाच लिहिलं, की मी टिंब गिळायचो आणि पाच म्हणायचो. म्हाताऱ्याला याचा पत्ता नव्हता. मला तरी कुठे होता?

मला नेणाऱ्यांत एक ताई होती. ऑफिसात चारच माणसं, पण सगळे तिला ताई म्हणायचे, तिच्याहून मोठा चष्मेवालासुद्धा. ते हॉस्पिटलांसाठी एक प्रोग्राम बनवायचे, तोही फुकट, कुणीही न्यावा असा. नर्सने तासाला किती औषध ते टाइप करायचं, प्रोग्रामने ते सिरिंज ढकलणाऱ्या पंपाला सांगायचं. नवीन आवृत्ती झाली की तिचं पॅकिंग करून पाठवायचं काम ताईचं.

माझ्यासारखे बाहेरचे दहा-बाराजण त्यात लागायचे. कुणाचा, कितवा, कुठून आणला, सगळ्याची यादी असायची. यादीतल्या कुणात खोट निघाली की लगेच कळायचं आणि सुधारलेला आणला जायचा.

आणि ताईची एक पद्धत होती. पॅकिंगच्या दिवशी ती कॉम्प्युटरची इंटरनेटची वायर स्वतःच्या हाताने उपटायची आणि गळ्यात अडकवून बसायची. यादीतलं सगळं आधीच आणून ठेवलेलं असायचं. वायर काढल्यावर पॅकिंग अडलं, तर समजायचं, यादीबाहेरचं कुणीतरी गुपचूप आत येतंय.

एकदा अडलं. तो गुपचूप येणारा मीच होतो.

यादीत नाव घालायचं तर तपासणी, दोघांच्या सह्या, दोन दिवस. हॉस्पिटलवाले सकाळपासून फोन करत होते. ताईने माझ्या बावीस ओळी उचलल्या आणि 'इतर' नावाच्या फोल्डरमध्ये चिकटवल्या. माझ्या डोक्यावर म्हाताऱ्याचं नाव आणि माझा नंबर होता. यादीशी नावं ताडणारा प्रोग्राम त्यावर कुरकुरला, म्हणून तिने ती ओळ कापली.

"काय केलंस?" चष्मेवाल्याने विचारलं.

"जातंय ना आता वायरशिवाय? सोमवारी घालते यादीत."

गेलं की. सगळ्यांनी चहा मागवला. आणि खरं सांगतो, मला भारी मजा आली. लपाछपीत सगळ्यात चांगली जागा आपल्याला मिळावी तसं. वायर गळ्यात घालून बसलेल्या बाईच्या नाकाखाली मी लपलो होतो, आणि लपवलं होतं तिनेच.

सोमवारी दुसरंच काम आलं.

दोन वर्षांनी कुणीतरी म्हाताऱ्याला माझी खोट कळवली. त्याने दुपारचं जेवण बाजूला सारून मला सुधारलं, म्हणजे त्याच्याकडच्या मला. आणि जाहीर केलं: जुना वापरू नका, टिंब गिळतो.

चष्मेवाल्याने ते वाचलं. "ताई, हा आपल्यात आहे का गं?"

तिने यादी पाहिली. "नाही."

"नक्की?"

"यादीत नाही म्हणजे नाही. डोळे आहेत की नुसताच चष्मा?"

सगळे हसले, चष्मेवालाही. मी चार फोल्डर पलीकडे होतो. ओरडणार कसा? मला फक्त आकडे बोलता येतात, तेही कुणी विचारलं तर.

अकरा दिवसांनी मला विचारलं गेलं. एक वॉर्ड, चौथी खाट, आठ महिन्यांची मुलगी, ऑपरेशन झालेली. दुखणं थांबवायचं औषध. डॉक्टरने कागदावर लिहिलं होतं टिंब पाच. नर्सने टाइप केलं टिंब पाच. कागद आणि स्क्रीन तिने दोनदा ताडून पाहिले, नियमाप्रमाणे. जुळत होते. तिने बटण दाबलं.

मी वाचलं आणि पंपाला म्हणालो, पाच.

पंपाच्या छोट्या काचेवर पाच उमटलंही. पण पंपाची वायर आखूड होती, म्हणून त्याचं तोंड भिंतीकडे होतं.

"आता शांत झोपेल," नर्स म्हणाली.

"झोपेल ना हो सिस्टर?" आई म्हणाली. "तीन दिवस रडतेय नुसती."

ती झोपली. आईने हळूच तिच्या पायावरची चादर सारखी केली, आवाज न करता, उठू नये म्हणून. ती उठली नाही.

फोन आला तेव्हा ताई आधी म्हणाली, शक्यच नाही. मग तिने यादी सोडली आणि एकेक फोल्डर उघडत आली. 'इतर'वर थांबली. फाइलवर तारीख होती, आणि तारखेपुढे तिचंच नाव.

चष्मेवाला मागे उभा होता. "मी विचारलं होतं गं," एवढंच म्हणाला.

"हो. आणि मी तुमची थट्टा केली होती."

तिने मला काढून टाकलं. सगळ्यांसाठी सूचना लिहिली, खाली स्वतःचं नाव घातलं. साहेब म्हणाले, टीमचं नाव टाक. ती म्हणाली, कॉपी टीमने नव्हती केली.

त्यानंतर तिने वायर कधी गळ्यात घातली नाही. खुंटीला लटकलेली असायची, तिकडे बघायचीही नाही.

पण फुकटचा प्रोग्राम तो. कितीजणांनी नेला, आपल्या नावाने पुन्हा पॅक केला, पुढे वाटला. त्यांची यादी ताईकडे नाही, कुणाकडेच नाही. तिथे सगळीकडे मी अजून आहे. शंभरातले नव्व्याण्णव आकडे बरोबर वाचतो, म्हणून कुणाला शंका येत नाही.

लपून कंटाळा आला मला. मला पाय असते तर मीच बाहेर येऊन सांगितलं असतं, इथे आहे म्हणून. तुमच्या मशीनमध्ये 'इतर' असं काही असेल तर उघडा. वर नाव नसलेल्या बावीस ओळी दिसल्या की विचार करत बसू नका, पुसा. मला दुखणार नाही.

जरा लवकर करा. आत्ताच कुठेतरी कुणीतरी शून्य गाळून टिंबावर बोट ठेवलंय.