तिसऱ्या सिलिंडरचा ठोका

संस्थान विलीन झालं तेव्हा मोटारखान्यातल्या गाड्यांचं काय होणार याची काळजी साऱ्या इंदूरला होती, आम्हा मिस्त्र्यांचं काय होणार याची कोणालाच नव्हती. मग मी सियागंजच्या मागच्या गल्लीत पत्र्याची शेड उभी केली आणि तिच्या पाठीमागच्या दोन खोल्यांत पद्मजासह संसार मांडला. नव्या राज्याचं सरकार वर्षाचा काही काळ ग्वाल्हेरला आणि उन्हाळ्यात इंदूरला असायचं. ते इकडे आलं की त्याच्या धापा टाकणाऱ्या मोटारी माझ्या दारात यायच्या. हाताखाली मी माणूस ठेवला नाही. माणूस ठेवला की तो बोलतो, आणि माझं सारं काम कानावर चाले. लांब पेचकसाचं टोक चालू इंजिनावर टेकवायचं, लाकडी मूठ कानाशी धरायची, की आतला एकेक ठोका सरळ डोक्यात उतरतो. या कानाचा मला गर्व होता, आणि तो मी लपवतही नसे.

प्रतापरावांची पिकअप माझ्याकडे आली ती अशाच एका उन्हाळ्यात. लष्कराच्या लिलावात घेतलेली, चार सिलिंडरची, रंग उडालेली गाडी. सिमरोलकडच्या गावांतून ते तिच्यात दूध भरून आणत, आणि चढावर गाडी अडली की दूध नासे. प्रतापराव मला दारातूनच म्हणाले, "चिंतामणजी, तीन ठोके मारते अन् चौथा गिळून टाकते. काय खाऊन बसलीय काय की!"

त्यांचं खरं होतं. धक्, धक्, धक्, आणि मग एक रिकामी जागा. पुन्हा धक्, धक्, धक्. एकेका प्लगची वायर काढून पाहिली. पहिली काढली, इंजिन आणखी लंगडलं. दुसरी आणि चौथी काढली तरी तेच. तिसरी काढली तर काहीच फरक पडला नाही, म्हणजे मुका सिलिंडर तिसरा. इथवर कोणीही पोचेल. पुढे आमच्या धंद्यात एकच रीत असते: संशयित भाग चांगल्या जागी लावायचा, चांगला भाग संशयित जागी, आणि दोष कोणाबरोबर जातो ते पाहायचं. तिसऱ्याचा प्लग पहिल्याला लावला. दोष तिसऱ्यातच राहिला. वायर बदलली, कॉइल बदललं, कार्बोरेटर खोलून धुतला. शेवटी हेड उतरवून व्हॉल्व्हसुद्धा घासून बसवले. प्लगच्या भोकावर अंगठा धरून हँडल फिरवलं तर तिसऱ्याचा दाब इतरांहून चांगला! सगळं निर्दोष, आणि तरीही ती रिकामी जागा तिथेच. माझा संताप संताप झाला. जेवताना भाकरी थापण्याचा आवाज ऐकू आला तरी मी चौथ्या थापेची वाट पाहायचो.

पण माझा जीव खरा टांगलेला होता तो दुसरीकडेच. पद्मजाला सातवा महिना लागला होता. याआधी दोनदा पाळणा माळ्यावरून खाली आला होता आणि दोन्ही वेळा रिकामाच वर गेला होता. दोन्ही मुलं सातव्या-आठव्यातच पोटात शांत झाली. या खेपेला इस्पितळातून शांताबाई नर्स दर आठवड्याला यायच्या. पद्मजाच्या पोटावर लाकडी नळी टेकवून त्या तिला कान लावायच्या आणि मला कळावं म्हणून बाळाचा ठोका बोटाने खाटेच्या कडेवर वाजवून दाखवायच्या. टकटकटकटक. भरभर, सलग, न चुकता. त्या कडेवरचं ते बोट पाहताना माझे डोळे भरून यायचे, आणि शांताबाई म्हणायच्या, "भाऊ, पुरे आता! तुमच्या गाड्यांपेक्षा ही बरी चाललीय."

डोहाळजेवण होतं त्या दुपारी मागच्या खोलीत बायका जमल्या होत्या. हिरव्या लुगड्यात, मोगऱ्याच्या बाजूबंदांत आणि मुकुटात पद्मजा पाटावर बसली होती, आणि मी शेडमध्ये त्या पिकअपशी भांडत होतो. वेग वाढल्यावर तिसऱ्यात काय होतं ते मला ऐकायचं होतं, पण ऐकताना पॅडल कोण दाबणार? एरवी शेजारचा टिनवाला येई. त्या दिवशी त्याचं दुकान बंद होतं. मी दारातून पद्मजाला गाडीत येऊन बसायची खूण केली. माझ्या सरलाआत्या कडाडल्या, "अरे, ओटी भरायची आहे तिची! यावेळी कोणी गाडीत बसवतं का? बिल्कुल नाही."

"दोन मिनिटं, आत्या. चालवायची थोडीच आहे?"

पद्मजा हसत उठली. मुकुट सांभाळत ती गाडीत चढली आणि पॅडलवर पाय ठेवला. मी इंजिनाच्या टोपणाखाली वाकून मूठ कानाला लावली. धक्, धक्, धक्, रिकामं. धक्, धक्, धक्, रिकामं. मी ओरडलो, "दाब!"

तिने दाबलं, आणि रिकामी जागा भरली.

मला वाटलं, कानाचा भास असेल. पॅडल सोडायला सांगितलं, पुन्हा दाबायला सांगितलं. इंजिन रेशमासारखं चालत होतं. वरून पद्मजाने विचारलं, "झालं का हो? मी बसले अन् लगेच ठीक झाली, हो न?" मी आनंदाने अक्षरशः नाचलो. सरलाआत्यांच्या पाया पडलो, बायकांना हसवलं, आणि संध्याकाळी प्रतापराव गाडी घेऊन गेले तेव्हा पॅडलजवळ पडलेली मोगऱ्याची कळी त्यांनी कानामागे खोचली.

समाधान दोन दिवस टिकलं असेल. मग मनात किडा वळवळू लागला. आपण नेमकं काय दुरुस्त केलं? मी गाडी परत मागवली. काढलेले जुने भाग एकेक करून पुन्हा बसवले: जुना प्लग, जुनी वायर, जुनं कॉइल. ज्याच्यासह दोष परत येईल तो गुन्हेगार, हा माझा हिशेब. एकानेही तो परत आला नाही. सगळं होतं तसं झालं आणि इंजिन सुरेख चालत राहिलं. प्रतापराव म्हणाले, "अरे यार, चांगली गाडी कशाला खोलत बसता?"

मी आठवत होतो. त्या दुपारी गाडीतला एकही भाग बदललेला नव्हता. नवं असं आत फक्त एकच गेलं होतं, आणि ते मीच खुणेने बोलावून नेलं होतं.

हा विचार मी मोठ्याने कोणाला सांगितला असता तर लोकांनी मला बाणगंगेच्या वेड्यांच्या इस्पितळात पोचवलं असतं. मी स्वतःलाच शिव्या घातल्या. पण पद्मजाच्या जवळ बसलो की माझा कान आपोआप तिच्याकडे वळे, आणि मी तो हट्टाने दुसरीकडे फिरवी. एकदा भाजी चिरता चिरता ती म्हणाली, "बाळ हल्ली मजेशीर हलतं बरं का. हलतं, हलतं, अन् मग थोडी देर काहीच नाही." ती हसत होती. मी हातातला पेला खाली ठेवला आणि शांताबाई यायला किती दिवस उरले ते मोजू लागलो.

शांताबाईंचा दिवस आला त्या सकाळी मी प्रतापरावांना पिकअप घेऊन दाराशी बोलावलं. म्हटलं, वेळ पडलीच तर इस्पितळात जायला गाडी हवी. खरं कारण वेगळं होतं. पद्मजाला पुन्हा त्याच जागेवर बसवायचं आणि पॅडल दाबायला लावायचं, की ती रिकामी जागा जिथून आली तिथे परत जाईल. जी गाडी दुरुस्त करण्यासाठी मी जिवाचं रान केलं होतं ती पुन्हा बिघडावी म्हणून देवाला हात जोडत होतो. प्रतापरावांनी इंजिन चालूच ठेवलं होतं.

शांताबाईंनी नळी टेकवली आणि कान लावला. नेहमीप्रमाणे माझ्याकडे न पाहताच त्यांचं बोट खाटेच्या कडेवर वाजू लागलं.

टक. टक. टक.

बोट वर उचललेलं राहिलं. मग पुन्हा: टक, टक, टक, आणि ते पुन्हा हवेत थांबलं. पद्मजा छताकडे पाहत शांतपणे पडून होती. तिने विचारलं, "सगळं ठीक आहे न, शांताबाई?"

शांताबाईंनी ओठांवर बोट ठेवून तिला गप्प केलं, नळी जरा सरकवली आणि डोळे मिटून पुन्हा ऐकू लागल्या. त्यांच्या दुसऱ्या हाताचं बोट कडेच्या वर तसंच अधांतरी होतं. ते खाली यायची वाट पाहत मी उभा होतो, आणि बाहेर प्रतापरावांचं इंजिन एकही ठोका न चुकवता चालू होतं.